भंगारातले इंजिन : पिंपरी-चिंचवडच्या अलिखित इतिहासातील एक प्रकरण

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मागोमाग आकुर्डीस बजाज टेम्पो आणि पिंपरीस टेल्को उभी राहिली, १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि पुढे चाकणचा माळ फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीझ यांनी भरून गेला. ही कथा खोटी नाही. पण ती केवळ कारखान्याच्या दारापर्यंत चालते. गाडी दारातून बाहेर पडली की इतिहासकार तिच्याकडे पाठ फिरवतो. वीस-पंचवीस वर्षांनी तीच गाडी कुदळवाडीच्या किंवा भोसरीच्या एखाद्या वखारीत परत येते, तिचे चारही दरवाजे निखळतात, आणि तिच्या इंजिनाला दुसऱ्या एखाद्या गाडीत दुसरा जन्म मिळतो. या दुसऱ्या जन्माची नोंद कोणी ठेवली, असा प्रश्न आम्हांस पडला. मराठीचे अध्यापन करणाऱ्यांनी इंजिनांच्या वाटेला का जावे, असे काही सहकाऱ्यांनी विचारले. गिरणी कामगाराला नारायण सुर्व्यांसारखा कवी लाभला. गॅरेजमधल्या मिस्त्रीला अजून कोणी लाभलेला नाही, एवढे एक उत्तर आम्हांस पुरेसे वाटते.

भाषेपासूनच आरंभ करू. छापील मराठीत इंजिनाची ‘पुनर्बांधणी’ होते. गॅरेजमध्ये तसे कोणी म्हणत नाही. तेथे इंजिन ‘खोलतात’ आणि ‘बांधतात’. घर बांधतात, मोट बांधतात, पागोटे बांधतात, तसेच इंजिन बांधतात. सुटे पडलेले भाग एका जिवात आणणे हा अर्थ त्या एका क्रियापदात आहे, आणि ‘पुन्हा’ हे सांगण्याची गरजही पडत नाही. कारण मिस्त्रीच्या दृष्टीने प्रत्येक इंजिन आधी एकदा खोललेलेच असते. दुसरा शब्द ‘टेम्पो’. हॅम्बुर्गच्या ‘विडाल अँड सोन’ या कंपनीच्या वाहनांचे हे नाव. नवलमल फिरोदियांनी तिच्याशी सहकार्य करून १९५८ मध्ये गोरेगावला ‘हान्सीट’ ही तीनचाकी बनवण्यास सुरुवात केली, १९६४ च्या सुमारास कारखाना आकुर्डीला आला, आणि एका जर्मन कंपनीचे नाव मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसले. मूळ कंपनी जर्मनीत केव्हाच विस्मृतीत गेली; आपल्याकडे मात्र घर बदलणारा माणूस आजही ‘टेम्पो सांगितलाय’ असेच म्हणतो. आमच्या लेखाचा खरा नायक याच कंपनीने नंतर काढलेल्या ‘मॅटाडोर’ या गाडीच्या पोटात होता.

पण त्याआधी एका गाडीचे इंजिन दुसरीत घालण्याची गरज का पडली, हे पाहिले पाहिजे. हौस हे त्याचे कारण नव्हते. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा आणि ट्रक लिलावात विकले गेले. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्या काळातला. पुण्याच्या उत्तरेस खडकी, दापोडी, देहूरोड असा लष्करी कर्मशाळांचा आणि दारूगोळा-सामग्रीच्या कोठारांचा पट्टाच आहे. त्यामुळे अशा मालाची या भागाला नवलाई नव्हती. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन मोटारी जुळवत होती. १९५३ नंतर सरकारने धोरण बदलले. ज्यांचा येथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी केवळ जुळणी करू नये, असे ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. रस्त्यावर असलेल्या मोटारी रस्त्यावरच राहिल्या, सुटे भाग मात्र येईनासे झाले. अमेरिकन मोटारीचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन एकदा बसले की तिच्या मालकासमोर दोनच मार्ग उरत: मोटार कोंबड्यांचे खुराडे म्हणून वापरावी, किंवा मिळेल ते दुसरे इंजिन आत घालावे.

त्यात १९७३ चे तेलसंकट आले. पेट्रोलचे दर भडकले आणि डिझेल त्याच्या तुलनेत फार स्वस्त राहिले, कारण त्यावर शेती आणि मालवाहतूक चालत होती. हा फरक पुढे चाळीस वर्षे टिकला. अँबॅसॅडरमध्ये कंपनीने स्वतः डिझेल इंजिन दिले ते १९८० च्या सुमारास. तेही १४८९ घनसेंटिमीटरचे, चाळिशीच्या आतल्या अश्वशक्तीचे. पाच माणसे, टपावर सामान आणि पुढे खंबाटकीचा घाट, म्हणजे त्या इंजिनाची परीक्षाच. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापवाल्यांना, म्हणजे जीपमध्ये दाटीवाटीने माणसे भरून गावोगाव नेणाऱ्यांना, पेट्रोलची जीप परवडणे शक्यच नव्हते. जीपचे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेलचे बसवणे हा त्यांच्या लेखी प्रयोग नव्हता, पोटापाण्याचा हिशेब होता.

याच सुमारास, म्हणजे १९८० च्या दशकात, बजाज टेम्पोने डाइमलर-बेंझच्या परवान्याखाली ‘ओएम ६१६’ हे इंजिन आकुर्डीत बनवण्यास घेतले. चार सिलिंडर, २.४ लिटर. मर्सिडीझच्या ‘२४० डी’ या मोटारीत ते १९७३ पासून बसत होते, तेथे त्याची ताकद सुरुवातीस ६५ अश्वशक्ती होती, पुढे ७२ झाली. जर्मनीत आणि अरब देशांत ज्या इंजिनावर टॅक्सीवाले लाखो किलोमीटर काढीत, तेच इंजिन आपल्याकडे भाजीपाला, शाळेची मुले आणि लग्नाची वऱ्हाडे वाहू लागले. मॅटाडोरची कळा फार लवकर गेली. पत्रा गंजला, सांगाडा वाकला. इंजिन मात्र गाडीपेक्षा दीर्घायुषी निघाले. गाडी मोडीत आणि इंजिन धडधाकट, ही विसंगतीच या साऱ्या व्यवसायाचे मूळ भांडवल. ‘मर्सिडीझचे इंजिन’ असे म्हणून ते विकले जाई आणि हे म्हणणे खोटे नव्हते, याची गंमत वाचकांनी लक्षात घ्यावी.

आता भंगाराच्या वखारीत इंजिन निवडणे आणि बांधणे यांकडे वळू. आमच्या मते या लेखातला महत्त्वाचा भाग हाच. कारण हे ज्ञान कोणत्याही मराठी पुस्तकात एकत्र सापडत नाही.

वखारीतले इंजिन चालवून पाहता येत नाही. ना पाणी, ना डिझेल, ना बॅटरी. म्हणून मिस्त्री आधी ते हाताने फिरवतो. क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून दोन पूर्ण फेरे घेतले तर चारही सिलिंडरांतला दाब एकामागून एक हाताला जाणवतो. जेथे हात सैल पडतो, तेथे रिंगा किंवा वॉल्व गेलेला. मग तेलाची कांडी काढून पाहायची. तेल काळे असणे हा दोष नव्हे, डिझेल इंजिनाचे तेल काळेच असते; पण ते ताकासारखे पांढरट असले तर आत पाणी गेले आहे, म्हणजे गॅस्केट तरी फुटले आहे किंवा हेडला तडा आहे. हेडचा तडा वरून दिसत नाही. डिझेलमध्ये ठिणगी नसते; हवा एकवीस पटींनी दाबून इतकी तापवतात की फवारलेले डिझेल आपणहून पेटते. एवढा दाब आणि एवढी उष्णता रोज सोसणारे बीड एकदा पाण्यावाचून तापले की दोन वॉल्वच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत चिरते. असे इंजिन किलोच्या भावानेही घेऊ नये, असा या धंद्यातला दंडक आहे.

निवडलेले इंजिन गॅरेजमध्ये आले की ते खोलतात, डिझेलने किंवा रॉकेलने धुतात आणि मग मोजमाप सुरू होते. सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. सर्वांत वरची रिंग जेथे थांबून मागे फिरते तेथे झीज सर्वाधिक. त्याच्या वर न झिजलेली कड राहते आणि ती नखाला लागते. गोल भोकही गोल राहत नाही, कारण कनेक्टिंग रॉड पिस्टनला सतत एका बाजूस रेटतो. ही झीज मर्यादेबाहेर असली तर लायनर बदलायचा, किंवा बोअर करून मोठा पिस्टन घालायचा. क्रँकशाफ्टचे जर्नल घासून घ्यायचे आणि तितक्याच जाड बेअरिंगा टाकायच्या. येथे मापांची एक सुंदर खिचडी आढळते. इंजिन जर्मन, म्हणजे मिलिमीटरचे. मिस्त्रीची जीभ मात्र इंग्रजी इंचावर वाढलेली. ‘क्रँक वीसवर गेलाय’ म्हणजे इंचाचे वीस हजारांश घासला गेला आहे. कंपनीच्या पुस्तकात तेच अर्धा मिलिमीटर. चाळीसवर गेलेला क्रँक शेवटच्या घटका मोजत असतो. एका वयस्क मिस्त्रींना आम्ही विचारले, “वस्ताद, मायक्रोमीटरशिवाय कसे कळते?” ते म्हणाले, “कळत नाही, सर. मायक्रोमीटर लागतोच. हाताला कळतं म्हणणाऱ्याचं इंजिन वर्षात परत येतं.” हाताच्या जादूविषयी आपण मध्यमवर्गीय मंडळी जे कौतुकाने बोलतो, त्याला हे उत्तर आम्हांस चांगलेच वाटले.

हात मात्र नंतर कामाला येतो. बेअरिंगांच्या टोप्या टॉर्कपान्याने आवळल्यावर क्रँक हाताने फिरला पाहिजे. अडखळला तर टोपी चुकली आहे किंवा बेअरिंगखाली कचऱ्याचा कण आहे. प्रत्येक टोपी ज्या जागेवरून काढली त्याच जागी आणि त्याच तोंडाने बसवायची, म्हणून खोलतानाच पंचने टिंब मारून ठेवतात: एकीवर एक, दुसरीवर दोन. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी ती नुसती सिलिंडरमध्ये सोडून तिच्या दोन टोकांतली फट फीलर गेजने पाहतात. फट कमी पडली तर तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांवर चढतात आणि सिलिंडरला ओरखडा जातो. जास्त झाली तर इंजिन तेल खाते. हेडला फेस मारणे, वॉल्वच्या सीट कापणे आणि मग लेप लावून वॉल्व घासणे हे काम संथ आणि कंटाळवाणे, ते गॅरेजमधल्या पोऱ्याकडे जाते. पंप आणि नोझल मात्र कोणी स्वतः उघडत नाही. ते ‘मायको’च्या मशीनवर कॅलिब्रेट करायला पाठवतात. नाशिकच्या मायकोच्या कारखान्यात, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, ही नोझले बनत. त्यांच्या आतल्या सुईचे माप मायक्रॉनमध्ये असते आणि तेथे फडक्याचा एक धागाही गुन्हा ठरतो.

सर्व मिळून पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्याचे या धंद्याला मोठे देणे आहे. क्रँक घासणारा, बोअर करणारा, हेड वेल्ड करणारा, अडॉप्टर प्लेट कातणारा लेथवाला हे सगळे भोसरीच्या एमआयडीसीत एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर होते. कारखान्यांना सुटे भाग पुरवण्यासाठी वाढलेल्या लघुउद्योगांचे हे जाळे दिवसा टेल्को-बजाजची कामे करी आणि फावल्या वेळात एखाद्या अँबॅसॅडरचे. वाराणसीत किंवा लातुरात इंजिन बांधले जात नव्हते असे नाही; परंतु एक शतांश मिलिमीटरची शिस्त अंगी बाणलेला टर्नर गल्लीच्या तोंडाशीच मिळणे ही सोय येथली. आयटीआय आणि कारखान्यांतली ॲप्रेंटिसशिप यांनी ही शिस्त घडवली. तिचा थोडा भाग दाराबाहेर गळत राहिला, आणि शहराच्या दृष्टीने ती गळती वाया गेली नाही.

बांधलेले इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणे हे वेगळेच प्रकरण. मॅटाडोरचे इंजिन अँबॅसॅडरच्या इंजिनाहून लांब आणि जड. तेलाची टाकी, म्हणजे संप, नेमकी पुढच्या आडव्या बीमवर येई. मग संप कापून वेगळ्या आकाराचा वेल्ड करायचा आणि तेल ओढणारी नळीही तितकीच सरकवायची. हे विसरले तर चढावर तेलाचा दाब शून्यावर येतो आणि दोन महिन्यांची मेहनत दोन मिनिटांत जळते. इंजिनाची ताकद मूळ गिअरबॉक्सला झेपेलच असे नसे, म्हणून पुष्कळदा मॅटाडोरचा गिअरबॉक्सही सोबत येई. मग स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जाऊन जमिनीतून दांडा वर येई आणि प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करावा लागे. पुढच्या स्प्रिंगा दबत. डिझेल इंजिन पेट्रोलइतके भरभर फिरत नाही, तेव्हा मागच्या एक्सलचे गुणोत्तर तेच ठेवले तर गाडी आवाज फार करते आणि पळते कमी. सुरू करण्याआधी हीटर प्लग तापण्याची वाट पाहावी लागे, त्यासाठी मोठी बॅटरी. एवढे सगळे जमवून आणणाऱ्या माणसाकडे रेखाचित्र बहुधा नसेच. खडूने फरशीवर काढलेली एक आकृती, जी दुसऱ्या दिवशी झाडताना पुसली जाई. कागदपत्रांवर विसंबून इतिहास लिहिणाऱ्यांची अडचण येथे सुरू होते.

जो कागद उरला, तो सरकारी. आणि तो या कलेच्या विरोधातला आहे. प्रत्येक इंजिनावर ठोकलेला क्रमांक असतो आणि तो नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या मूळ ५२ व्या कलमात गाडीत बदल करण्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची संमती लागे. म्हणजे ती मिळण्याची एक वाट तरी होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती वाट अरुंद झाली. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदलच करू नये, असे नवे कलम म्हणते. अपवाद ठेवला तो सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठीच्या, ठरवून दिलेल्या अटींवरच्या बदलाचा. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात याच कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली.

या कायद्यामागे अक्कल नाही असे आम्ही म्हणणार नाही. चोरीच्या गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत घालून क्रमांक घासून टाकणे हा उद्योगही याच गल्ल्यांत चालला, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय ज्या गाडीचे ब्रेक पन्नास अश्वशक्तीसाठी बेतले होते तिला बहात्तर दिल्यावर ती थांबेल कशी, हा प्रश्न रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाने विचारायलाच हवा. चांगला मिस्त्री ब्रेकचाही विचार करी. वाईट मिस्त्री करीत नसे. आणि कायद्याला त्या दोघांतला फरक ओळखता येत नाही. आमचा आक्षेप एवढाच की तो फरक ओळखण्याची व्यवस्था याच शहरात होऊ शकली असती. भोसरीलाच केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, पुण्यात एआरएआय आहे. मोठ्या कंपन्यांचे नमुने तपासणाऱ्या या संस्थांचे दार एका गाडीसाठी आलेल्या मिस्त्रीला परवडेल अशा दरात कधी उघडले नाही.

धंद्याचा पाया मात्र कायद्याने नव्हे, बाजाराने काढून घेतला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली तफावत आटत गेली. नव्या इंजिनांत कॉमन रेल, सेन्सर आणि संगणक आला. असे इंजिन भंगारातून आणायचे तर त्याबरोबर त्याची वायरींची जटा, पेडल आणि किल्लीसुद्धा आणावी लागते, नाहीतर ते सुरूच होत नाही. तरुण मुले तेही करतात. जुन्या जीपमध्ये नवे कॉमन रेल इंजिन बसवणारे हौशी आजही आहेत. पण त्यांच्या हातात पान्याआधी लॅपटॉप असतो.

आणि मग कुदळवाडी. १९९७ मध्ये चिखली व आसपासची गावे महापालिकेत आली, तेव्हापासून आणि त्याआधीपासूनही येथे पत्र्याच्या शेडांची गर्दी वाढत गेली. लोखंड, प्लॅस्टिक, रसायनांचे पिंप, गाड्यांचे अवयव, सगळे शेजारी शेजारी. आगी लागत, डिसेंबर २०२४ मधली आग मोठी होती. येथले सांडपाणी इंद्रायणीस मिळते, आणि आळंदीच्या घाटावर फेस तरंगतो तेव्हा वारकऱ्याने कोणाकडे बोट दाखवावे, हा प्रश्नही खराच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठ्या पोलिस बंदोबस्तात आठवडाभर कारवाई करून चार हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामे पाडली. वर्तमानपत्रांत एकरांचे आणि बांधकामांचे आकडे आले. त्या शेडांतून कोणत्या मालाची किती इंजिने होती, कोणाकडे कोणते सुटे भाग वर्षानुवर्षे लावून ठेवलेले होते, याची यादी करण्याचे कोणाला सुचले नाही. ती करणे पाडकाम पथकाचे कामही नव्हते. ते विद्यापीठांचे आणि संग्रहालयांचे काम होते. पिंपरी-चिंचवड स्वतःला वाहन उद्योगाची नगरी म्हणवते, म्हणून ही अपेक्षा.

२०१६ मध्ये चाकणला एक नवी इमारत उभी राहिली. तेथे मर्सिडीझच्या मोटारींसाठी इंजिने जुळवून दिली जाऊ लागली, आणि हे काम घेतले होते फोर्स मोटर्सने. म्हणजे २००५ साली नाव बदललेल्या त्याच बजाज टेम्पोने.

दरम्यान जुन्या मोटारींच्या शौकिनांची एक नवी पिढी आली आहे. तिला १९५० च्या प्लिमथमध्ये, डॉजमध्ये मूळचेच पेट्रोल इंजिन हवे असते. प्रदर्शनात आणि शर्यतीच्या मेळ्यांत डिझेल घातलेल्या मोटारीला किंमत नाही. म्हणून ज्या मिस्त्रींनी तरुणपणी ती इंजिने उतरवली, त्यांच्याकडेच आता ती परत बसवण्यासाठी लोक येतात. मूळ इंजिन बहुधा कधीच वितळून गेलेले असते. मग जुन्या बाजारात, कुर्ल्यात, परदेशातून आलेल्या खोक्यांत शोध चालतो, आणि सापडले की ते पुन्हा खोलून बांधले जाते. कापलेला बीम जोडून पूर्ववत करावा लागतो. मोटारीतून निघालेले मॅटाडोरचे इंजिन कोणी गिऱ्हाईक विचारत नाही. आम्ही पाहिले ते एका गॅरेजच्या मागच्या भिंतीशी लाकडी ओंडक्यांवर ठेवलेले होते. नोझलांच्या भोकांत चिंध्यांचे बोळे, आणि सिलिंडर गंजू नयेत म्हणून आत तेल सोडलेले. महिन्यातून एकदा पोऱ्या पाना लावून ते दोन फेरे फिरवतो.